शिक्का नष्ट कसा करायचा? भाचीला सांगतोय त्या गोष्टीचा शेवट अडलाय

रावपुऱ्याचा मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न एका गोष्टीच्या शेवटाचा आहे. पण मला सोमवारच्या आत उत्तर हवंय, म्हणून सगळं नीट सांगतो.

माझी बहीण नर्स आहे. तिला एक आठवडा आड रात्रपाळी असते. त्या आठवड्यात माझी भाची आमच्याकडे झोपायला येते. घरात तिला चिऊ म्हणतात, वय नऊ. उन्हाळ्यात बडोद्यात खाली खोलीत डोळा लागत नाही. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारायचं, गच्ची वाळली की गाद्या टाकायच्या, आणि पाठ टेकते न टेकते तोच ती म्हणते, "हं मामा, पुढे." होळीपासून एकच गोष्ट चालू आहे.

सातगड नावाचं राज्य. तिथल्या एका राजाने शिक्का ओतून घेतला. पितळेचा, मुठीत मावेल एवढा, धरायला वर बसलेल्या हरणाची मूठ. त्याचा ठसा ज्या कागदावर उमटेल त्या कागदावरचा हुकूम कोणालाच मोडता येत नाही. भीतीने नव्हे, हातपायच ऐकत नाहीत. 'या विहिरीचं पाणी कोणी पिऊ नये' असं लिहून ठसा मारला, तर माणसं काठावर बसून तहानेने मरतील, पण पोहरा आत सोडणार नाहीत. राजा गेला, शिक्का हरवला. पुष्कळ वर्षांनी तो तुंगा नावाच्या तांबटाच्या मुलीला मोडीच्या ढिगात सापडतो. एक आंधळा चिटणीस तिला सांगतो की हा ज्या डोंगराच्या आगीत ओतला त्याच आगीत परत गेला पाहिजे. तुंगा निघते. सोबत भिवा नावाचा पळून आलेला शिपाई आणि झाडपाला देणारी राधाक्का. एक गाढवही आहे, चिऊच्या हट्टामुळे. मागावर सेनापतीची माणसं. तीन महिने ही चौघं चालतायत, आणि परवा डोंगराच्या पायथ्याशी पोचली.

डोंगर म्हणजे आपला पावागड. नाव बदललंय, पण मनात तोच. जानेवारीत मी चिऊला तिथे घेऊन गेलो होतो, तेव्हा रोपवेतून वर जाताना तिला सांगितलं होतं की हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेच आता अंगाशी आलं. परवा रात्री ती उठून बसली.

"मामा, पण तिथली आग तर कधीच विझलीय. तूच म्हणालास."

मी सावरायचा प्रयत्न करतोय तोवर दुसरा प्रश्न. हा खरा.

"आणि तुंगा एका कागदावर 'हा शिक्का नष्ट होवो' असं लिहून त्यावर तोच शिक्का का नाही मारत? घरीच झालं असतं. एवढं चालायचं कशाला?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. तर म्हणाली, "एवुं ना चाले मामा. म्हणजे तुलाच माहीत नाही." आणि कूस बदलून झोपली.

मला तिला काहीतरी थापा मारून गप्प करायचं नाहीये. तीन महिने तिने एकेक मुक्काम लक्षात ठेवलाय. नदी कुठल्या गावाला ओलांडली, गाढवाचा पाय कधी मुरगळला, सगळं. शेवट तिच्या तोडीचा हवा. सोमवारी बहिणीची दिवसपाळी सुरू होते, म्हणजे हातात चार रात्री आहेत. कोणाला काही सुचत असेल तर सांगा.

---

ओतारी

मामा, मी मकरपुऱ्याला ओतकामात आहे, बावीस वर्षं झाली. धातूचं तेवढं सांगतो.

पितळ नऊशे ते साडेनऊशे अंशाला वितळतं, जस्त किती आहे त्यावर. लाव्हा हजार ते बाराशे अंश असतो. म्हणजे शिक्का पितळेचा केलात हे बरं केलंत. शुद्ध लोखंडाचा असता तर लाव्ह्यात वितळलाच नसता, लोखंडाला १५३८ अंश लागतात. पण मग पोरीने अजून विचारलं नाही तो प्रश्न मीच विचारतो. तुंगा तांबटाची मुलगी. बापाच्या घरी भट्टी आहे, मूस आहे, भाता आहे. तिला डोंगर कशाला हवा? तासाभरात घरीच रस झाला असता.

पण मी रोज बघतो ते सांगतो. वितळलं म्हणजे संपलं, असं नसतं. आमच्याकडे मोड येते त्यात देवळाच्या घंटा असतात, नळ असतात, जुने तांबे असतात, कोणाच्या तरी आजीची समई असते. मुशीत टाकलं की दहा मिनिटं वस्तू दिसते. हरणाची मूठ म्हणालात ना, तर आधी बारीक भाग जातात, कान, शिंगं, मग पाठ खचते, मग सगळं एका चकचकीत डोळ्यासारखं होतं. वर जस्त जळतं, त्याचा पांढरा धूर निघतो आणि कापसासारखी राख तरंगते. नवीन पोरगा त्या धुरात उभा राहिला की रात्री थंडी वाजून ताप येतो, दुसऱ्या दिवशी उतरतो. एवढं सगळं होऊनही शेवटी मुशीत काय असतं? पितळच. दुसऱ्या साच्यात ओतलं की दुसरी वस्तू. आणि त्याच साच्यात ओतलं की तीच वस्तू.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की त्या शिक्क्याचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो नमुना, कुठे आहे? लाकडाचा असो, मेणाचा असो, दगडाचा असो. वाळूचा साचा दर वेळी मोडतो, पण पॅटर्न कपाटात राहतो. तो आहे तोवर तुम्ही शिक्का कितीदा वितळवा, कोणीतरी परत ओतणार. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक माल नेतो, पण पॅटर्न कोणाकडे राहणार यावरून भांडणं होतात. जीव तिथे असतो.

---

सोरठी सून

माझं माहेर बडोद्याचं, वाडीतलं. सासर वेरावळला. तुमच्या तुंगाची गोष्ट वाचून मला लगेच मुसळ आठवलं, कारण ते आमच्या अंगणातलंच आहे.

यादवांच्या पोरांनी कृष्णाच्या मुलाला, सांबाला, बाईचे कपडे घालून ऋषींसमोर नेलं आणि विचारलं, हिला काय होईल? ऋषी म्हणाले, लोखंडाचं मुसळ होईल, आणि त्यानेच तुमचं कुळ बुडेल. झालंच तसं. मग त्यांनी काय केलं? तुमच्या तुंगाने करायचंय तेच. मुसळ नष्ट करायला घेतलं. कुटून, घासून त्याची पूड केली आणि समुद्रात फेकली. कोणालाही वाटेल की काम झालं. ती पूड लाटांनी किनाऱ्याला आली आणि तिची एरका नावाची लव्हाळी उगवली. पुढे प्रभासला, म्हणजे आमच्या सोमनाथलाच, यादव दारू पिऊन भांडले तेव्हा हाताला येईल ते उपटून एकमेकांना मारायला लागले, आणि उपटलेली प्रत्येक लव्हाळी मुसळासारखी लागली. भागवतात याच्या पुढचं आहे. पूड करताना एक तुकडा उरला होता, तोही समुद्रात टाकला. तो माशाने गिळला, मासा कोळ्याच्या जाळ्यात आला, आणि पोटातलं लोखंड जरा नावाच्या पारध्याने बाणाला लावलं. तो बाण कृष्णाच्या पायाला लागला.

सोमनाथहून वेरावळला येताना वाटेत भालका तीर्थ लागतं. पिंपळाखाली कृष्ण पहुडलेला आहे आणि समोर तो पारधी हात जोडून. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी पहिल्यांदा नेलं. त्या म्हणाल्या, "घाईने घासलं ना, म्हणून तुकडा राहिला." त्यांच्या दृष्टीने एवढीच चूक होती. मला मात्र वाटतं की पाण्यात टाकणं हीच चूक. शकुंतलेची अंगठीही पाण्यात पडली होती आणि कोळ्याला माशाच्या पोटात मिळाली. तुंगाला समुद्रात, डोहात, विहिरीत काही टाकू देऊ नका. पाणी वस्तू परत देतं.

---

रावपुऱ्याचा मामा

ओतारीभाऊ, पॅटर्नचं तुम्ही म्हणालात आणि माझी अर्धी गाठ सुटली. काल रात्री सांगून टाकलं. आग विझलीय हे आंधळ्या चिटणिसाला माहीतच नव्हतं, त्याने ऐकीव सांगितलं होतं. डोंगराच्या पोटातल्या गुहेत आग नाही, पण दगडात कोरलेला पॅटर्न आहे, आणि तो फोडल्याशिवाय शिक्का कितीही वितळवला तरी परत परत ओतला जाणार. चिऊ म्हणाली, "हां. म्हणजे चालणं फुकट नाही गेलं." एवढं म्हणून लगेच दुसऱ्या प्रश्नावर आली. कागदाचं काय?

ताई, मुसळाची गोष्ट तिला सांगू का, हे कळत नाहीये. बाणापर्यंत सांगायची हिंमत होत नाही.

---

मोडीवेडा

मी बडोद्याच्या दप्तरातले मोडी कागद वाचायला शिकतोय, त्यामुळे शिक्का म्हटलं की राहवत नाही.

भाचीचा प्रश्न पक्का आहे, पण त्याचं उत्तर जुन्या कागदातच आहे. हुकमाचा कागद उघडला की आधी दिसतो शिक्का. मग येतं तो कोणी कोणाला लिहिला, अमुक पाटलास, तमुक देशमुखास, आणि मग हुकूम. म्हणजे हुकूम नेहमी कोणाला तरी असतो. ज्याला नाव आहे, जो ऐकू शकतो, जो कदाचित नाही म्हणू शकतो, त्यालाच हुकूम देता येतो. शिक्क्याला कोण हुकूम देणार? तो तर हुकूम देणाऱ्याचा हात आहे. एका हाताने त्याच हाताचं मनगट धरून बघायला सांगा तिला, कळेल. तुमच्या गोष्टीतला शिक्का माणसांना बांधतो, वस्तूंना नाही. विहिरीला त्याने 'आट' म्हटलं नाही, माणसांना 'पिऊ नका' म्हटलं. तुम्ही सुरुवातीलाच बरोबर सांगितलंय.

आणि कागदाच्या शेवटी येतं मोर्तब, लहान ठसा. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर ती प्रसिद्ध मुद्रा, प्रतिपच्चंद्रलेखेव, आणि खाली मोर्तबात दोनच शब्द: मर्यादेयं विराजते. ही इथे मर्यादा झाली. या ठशाच्या खाली कोणी एक अक्षर वाढवू शकत नाही. आपण 'शिक्कामोर्तब' एका दमात म्हणून टाकतो, पण पहिला शब्द सत्ता सांगतो आणि दुसरा तिची हद्द. सातगडच्या राजाने शिक्का केला, मोर्तब केलं नाही. माझ्या मते तुमच्या गोष्टीतलं सगळं संकट इथे आहे.

आता नष्ट कसा करायचा ते. ताईंच्या माशांच्या यादीत मी एक घालतो. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स डिसेंबर १६८८ मध्ये पळून गेला तेव्हा जाताना राज्याचा मोठा शिक्का थेम्स नदीत टाकून गेला. शिक्का नाही म्हणजे कागदांवर ठसा नाही, म्हणजे कारभार ठप्प, असा हिशेब. तो शिक्का पुढे एका कोळ्याच्या हाती लागला. आणि कारभार त्याच्यावाचूनही चाललाच होता.

याच्या उलट रोमला बघा. पोपच्या बोटात कोळ्याची अंगठी म्हणतात ती असते, पूर्वी तिने पत्रांवर ठसा मारत. पोप वारले की ती बड्या धर्मगुरूंसमक्ष निकामी करायची रीत, म्हणजे मागे कोणी तिने खोटा कागद करू नये. २०१३ मध्ये पोप बेनेडिक्ट जिवंतपणी पायउतार झाले. तेव्हा ती फोडली नाही, तिच्यावर खोल फुली कोरली. बस्स. वस्तू जागच्या जागी, पण तिचा ठसा आता कोणी खरा मानणार नाही. तुंगाच्या शिक्क्याचा रस करायची गरजच नाही. ठशाच्या अक्षरांवरून आरपार एक रेघ गेली की झालं. डोंगर नको, लाव्हा नको, पटाशी आणि हातोडी पुरे.

---

सुरसागरकाठी

रेघेची कल्पना मला फार आवडली, पण मला वाटतं अवघड भाग रेघ मारणं नाहीच. ती मारायला हात उचलेल का, हा प्रश्न आहे.

टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या १९५४-५५ मध्ये आलेल्या तीन खंडांत अशीच अंगठी आहे आणि असाच डोंगर. नायक फ्रोडो सगळे हाल सोसून अगदी आगीच्या तोंडाशी पोचतो आणि तिथे म्हणतो, मी हे करणार नाही, ही माझी आहे. अंगठी नष्ट होते ती त्याच्या हातून नाही. तिच्यासाठी वेडा झालेला गॉलम त्याचं बोट चावून ती ओरबाडतो आणि तोल जाऊन आगीत पडतो, म्हणून. मी अकरावीत पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फ्रोडोचा राग आला होता. दोन वर्षांनी आजोबांचं घर विकताना मला त्यांच्या कपाटाची एक किल्ली द्यायची होती, कपाट विकलेलं, किल्लीचा उपयोग शून्य, आणि मी ती खिशात ठेवून घेणाऱ्याला सांगितलं की हरवली. अजून माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून राग गेला.

मामा, तुमची तुंगा तीन महिने तो शिक्का जवळ बाळगून चाललीय. तिला एकदाही वाटलं नसेल का की एक चांगला हुकूम काढावा, एकच? चिऊला हे विचारून बघा.

---

सोरठी सून

सुरसागरकाठी, तुम्ही लिहिलंत ते अर्जुनाचंही झालं होतं, आणि ते फार कमी लोकांना आठवतं.

कृष्ण गेला. द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन अर्जुन निघाला, वाटेत चोरांनी गाठलं, आणि गांडीवाला प्रत्यंचा चढवता चढवता त्याच्या नाकी नऊ आले, अस्त्रं आठवेनात. म्हणजे ज्या धनुष्याने खांडव जाळलं, युद्ध जिंकलं, त्याने साथ सोडली होती. पुढे पाची भाऊ आणि द्रौपदी सगळं टाकून वल्कलं नेसून निघाले. राज्य टाकलं, दागिने टाकले, घरातला अग्नी पाण्यात विसर्जन केला. अर्जुनाने मात्र गांडीव आणि ते दोन अक्षय भाते टाकले नाहीत. महाप्रस्थानिक पर्वात कारण स्पष्ट दिलंय, रत्नलोभात्, म्हणजे रत्नाच्या लोभाने. अर्जुनासारख्या माणसाबद्दल हा शब्द वापरायला व्यास कचरले नाहीत.

मग समुद्रापाशी अग्नी डोंगरासारखा वाट अडवून उभा राहिला. म्हणाला, हे धनुष्य मी वरुणाकडून तुझ्यासाठी मागून आणलं होतं, आता वरुणाला परत दे. पुढे काय झालं ते नीट बघा. अर्जुन लगेच टाकत नाही. सगळे भाऊ त्याला सांगतात, आग्रह करतात, तेव्हा तो ते पाण्यात सोडतो. आणि इथे पाण्यात टाकलेलं परत येत नाही, कारण ते फेकलेलं नाही, ज्याचं त्याला परत केलेलं आहे. मी वर लिहिलं की पाणी वस्तू परत देतं. ती ओळ मला आता दुरुस्त करायची आहे. लपवायला टाकलेलं परत येतं.

लहानपणी बाबा मला कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांनी भिंतीवर रंगवलेलं महाभारताचं युद्ध दाखवायला न्यायचे. मी विचारायचे, युद्ध संपल्यावर धनुष्याचं काय झालं? ते भिंतीवर नाही. बाबांनी मला परतताना रस्त्यावर चालता चालता सांगितलं, भाऊ म्हणाले म्हणून त्याने सोडलं. मामा, तुंगाबरोबर भिवा आहे, राधाक्का आहे. त्यांना उगाच आणलं नसेल तुम्ही.

आणि बाणापर्यंत सांगा तिला. नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. पारध्याचे जोडलेले हात तेवढे विसरू नका.

---

रावपुऱ्याचा मामा

मंडळी, उरलेल्या तिन्ही रात्री झाल्या. काय काय घडलं ते लिहितो, आणि त्याआधी एक गोष्ट, जी मोडीवेडा यांच्या 'मर्यादेयं विराजते'ने बाहेर काढली.

मी कोर्टाजवळ टायपिंगचं टेबल लावतो. सोगंदनामे, भाडेकरार, खरी नक्कल. दिवसभर जांभळ्या शाईत बोटं. पण माझी पहिली नोकरी एका पतपेढीत होती, एकवीस वर्षांचा होतो. नाव लिहीत नाही. एका संध्याकाळी साहेबांनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा समोर ठेवला आणि म्हणाले, यांच्यावर खाली शिक्के मारून ठेव, उद्या घाई आहे. मी मारले. चाळीसेक असतील. शाईचं पॅड सुकलं होतं, त्यात पाणी घातलं, ठसे फिके आले म्हणून परत नीट दाबून मारले. सुबक आले पाहिजेत एवढंच डोक्यात होतं. तीन महिन्यांनी त्यातला एक कागद मी पाहिला. वर जामीनकी टाइप केलेली, बाजूला अंगठा, आणि खाली माझा सुबक ठसा. अंगठा आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराचा होता. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचं दुकान गेलं. मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडली, पण त्यांना जाऊन काही सांगितलं नाही. ते आता नाहीत. बहिणीला माहीत आहे, अजून कोणाला नाही.

सातगडचा शिक्का मला कुठून सुचला हे मला होळीला कळलं नव्हतं. मोडीवेडा यांनी लिहिलं की ठशाच्या खाली कोणी अक्षर वाढवू शकत नाही, तेव्हा मी टेबलाशीच बसलो होतो. मी ठसा आधी मारला होता आणि अक्षरं नंतर आली होती.

असो. आता चिऊचं.

पहिल्या रात्री हुकूम माणसालाच देता येतो हे सांगितलं. तिने खरंच स्वतःच्या उजव्या हाताने उजवं मनगट धरायचा प्रयत्न केला, बराच वेळ. मग म्हणाली, "पटलं."

दुसऱ्या रात्री सुरसागरकाठी म्हणाले तसं विचारलं. तुला एकदाच वापरायला मिळाला तर काय लिहिशील? मला वाटलं चॉकलेट म्हणेल, शाळेला सुट्टी म्हणेल. ती म्हणाली, "आईला रात्री कोणी कामाला बोलावू नये." मी काही बोललो नाही. खालच्या रस्त्यावरून लारीवाला गाडी ढकलत घरी चालला होता, तिची चाकं बराच वेळ ऐकू येत होती. मग तीच म्हणाली, "पण मग बाकीच्या नर्सना पण नाही बोलवायचं ना? त्यांना पण चिऊ असेल." आणि थोड्या वेळाने, "मग पेशंटला रात्री पाणी कोण देईल?" त्या रात्री गोष्ट पुढे गेलीच नाही. मुसळाची सांगितली. बाणापर्यंत, हात जोडण्यापर्यंत. तिने विचारलं, कृष्ण त्याला रागावला का? मी म्हटलं, नाही, उलट धीर दिला.

काल शेवटची. गुहा. भिवाने दगडातला पॅटर्न घणाने फोडला, तुकडे राधाक्काने वेचून जात्यात दळले आणि पीठ होईपर्यंत कोणाला हलू दिलं नाही. तुकडा राहू नये म्हणून. (वेरावळच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.) मग उरला शिक्का. तुंगाच्या एका हातात शिक्का, आणि कमरेला खोचलेला एक कागद, जो तिने कोणाला दाखवला नव्हता. त्यावर एक चांगला हुकूम लिहिलेला. काय लिहिलं होतं ते मी सांगितलं नाही, चिऊनेही विचारलं नाही. तुंगाला पटाशी उचलवेना. मग भिवा आणि राधाक्का तिच्या दोन्ही बाजूंना बसले आणि म्हणाले, सोड गं आता. बराच वेळ म्हणत राहिले. शेवटी तिने शिक्का उलटा करून जमिनीवर ठेवला.

मी विचारलं, रेघ कोणी मारायची?

मला वाटत होतं राधाक्का म्हणेल, ती सगळ्यात शहाणी आहे. चिऊ एका क्षणात म्हणाली, "भिवाने. त्याने हुकूम मोडलाय ना एकदा, म्हणून तर तो पळून आला. त्याला येतं."

मी हे आधी कधी ठरवलं नव्हतं. भिवा का पळाला हे मी तिला मार्चमध्ये सांगितलं होतं, गाव जाळायचा हुकूम आला आणि याने मशाल खाली ठेवली, एवढंच, आणि विसरून गेलो होतो. तिने लक्षात ठेवलं. मला पुढचं वाक्य बोलायला थोडा वेळ लागला. तिने अंधारात माझ्या दंडाला हात लावून पाहिला, झोपलो की काय म्हणून.

भिवाने रेघ मारली. गाढवाने खिंकाळून सगळ्यांना दचकवलं, तेही हवंच होतं तिला. शिक्का तुंगाच्या बापाच्या दुकानात पडून असतो, आता त्याने ती कागद उडू नयेत म्हणून दाबून ठेवते.

सगळ्यांचे मनापासून आभार. ओतारीभाऊ, एक विनंती आहे. हरणाचे आधी कान जातात, मग शिंगं, मग पाठ खचते, हे मी तिला तुमच्या शब्दांत सांगितलं, आणि आता तिला ते डोळ्यांनी बघायचंय. एखाद्या रविवारी तिला घेऊन आलो तर चालेल का? लांबूनच उभे राहू.

---

ओतारी

रविवारी भट्टी बंद असते. शनिवारी या, तीनच्या सुमारास पितळेचा घाणा असतो. पोरीला चप्पल नको, बूट घालून आणा, आणि कपडे सुती, नायलॉनचं काही नको. धूर येतो त्या बाजूला मी उभं राहू देणार नाही, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. घरात मोडीत काढायची एखादी पितळी वस्तू असेल तर घेऊन या, तिच्याच हाताने मुशीशेजारी ठेवू दे. आणि परत काय ओतायचं ते तिला आधी ठरवून यायला सांगा, पॅटर्न निवडायला वेळ लागतो.